मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाशी औषधाच्या काउंटरवर कसे बोलावे

मधुमेहाचा किंवा उच्च रक्तदाबाचा रुग्ण डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांतून एकदा जातो, पण औषधाच्या दुकानात तो दर महिन्याला येतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे एकाच काउंटरवरून गोळ्या नेतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या माणसांना दर महिन्याला भेटणारा आरोग्यसेवक फार्मासिस्टच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सने रुग्णाचे समुपदेशन नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामातच धरले आहे, त्यामुळे सवड मिळाली तर करायचे सौजन्य असे त्याकडे पाहता येणार नाही. पुण्यातील एका पेठेत अनेक वर्षे हे काम करताना जे उपयोगी पडले, ते नव्याने काउंटरवर उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

आधी वेळ आणि जागा ठरवावी. संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत, मागे चार माणसे ताटकळत असताना, कोणताही रुग्ण आपल्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलत नाही. काउंटरच्या कडेला एक स्टूल ठेवावे आणि ज्यांच्याशी बोलणे गरजेचे वाटते त्यांना दुपारच्या निवांत वेळी बोलवावे. पाच ते सात मिनिटे पुरतात. एका भेटीत एकच विषय घ्यावा, कारण एका दमात सांगितलेल्या दहा सूचनांपैकी घरी पोहोचेपर्यंत जेमतेम एखादी लक्षात राहते, आणि ती सर्वांत महत्त्वाची असेलच असे नाही.

सुरुवात माहिती सांगण्यापासून न करता विचारण्यापासून करावी. “काकू, ही गोळी कशासाठी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितले? तुम्ही ती कधी आणि कशी घेता? घेतल्यावर काही त्रास जाणवतो का?” या तीन प्रश्नांची उत्तरे शांतपणे ऐकली, तर काय समजावून सांगायचे आहे ते आपोआप कळते. “गोळ्या वेळेवर घेता ना?” असे विचारू नये, त्याला सगळेच “हो” म्हणतात. त्याऐवजी “गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?” असे विचारावे, म्हणजे राहून जाणे ही लाजेची बाब नाही हे रुग्णाला जाणवते आणि तो खरे सांगतो. आपल्या वहीतील तारखाही बोलतात. ५ जूनला ३० गोळ्या नेलेला रुग्ण २० जुलैला पुन्हा आला, तर मधल्या ४५ दिवसांपैकी १५ दिवसांचे औषध चुकलेले असण्याचा दाट संभव आहे. ही तारीख दाखवून त्याला जाब विचारू नये. पैशांची अडचण होती, गावी जाणे झाले, की “शुगर नॉर्मल आली म्हणून थांबवली”, हे कारण आपुलकीने समजून घ्यावे. अडचण पैशांची असेल, तर त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध डॉक्टरांना विचारून घेता येते आणि ते जनऔषधी केंद्रातही मिळू शकते, हे सांगताना आपल्या विक्रीचा विचार मध्ये आणू नये.

घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगणे ही मला सर्वांत मोलाची वाटलेली सवय आहे. एक आजी दोन आठवडे उठता-बसता चक्कर येते म्हणून सांगत होत्या. त्यांची पिशवी काउंटरवर रिकामी केली, तेव्हा रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही गोळी दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी निघाली: एक नेहमीची, आणि दुसरी रुग्णालयातून घरी सोडताना लिहून दिलेली. आजी या दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होत्या, कारण एक पांढरी आणि एक गुलाबी असल्याने त्यांना ती दोन निराळी औषधे वाटली होती. मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून एक गोळी बंद झाली. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव रुग्णाला वाचता येत नसेल, तर ते पाकिटावर मराठीत ठळक लिहून द्यावे. ‘१-०-१’ चा अर्थ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) सर्वांना कळतो असेही गृहीत धरू नये. सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून दिलेला कागद वृद्ध रुग्ण वर्षानुवर्षे जपून ठेवतात.

मधुमेहाच्या रुग्णांशी बोलताना साखर कमी होण्याचा विषय सर्वांत आधी घ्यावा, कारण साखर वाढल्याचे नुकसान बहुधा हळूहळू होते, तर ती उतरल्यास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने दरदरून घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे ओळखावीत. रक्तातील साखर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेल्यास तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर सावरल्यावर लगेच काही खावे. येथे एक बारकावा पुष्कळदा निसटतो. मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात साधी साखर लवकर फुटत नाही, म्हणून त्याने खिशात ग्लुकोज पावडरच ठेवली पाहिजे. तसेच रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. अशा रुग्णाला घामाकडे लक्ष ठेवायला सांगावे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, १०८ वर फोन करावा, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.

उपवासाचा विषय आपल्याकडे टाळून चालत नाही. गोळी घेऊन दिवसभर काहीच न खाणारा रुग्ण आणि उपवास म्हणून दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, वरी आणि रताळे खाणारा रुग्ण, हे दोघेही अडचणीत येतात. पहिल्याची साखर उतरते, दुसऱ्याची चढते. श्रद्धेवर टीका न करता, एकादशी किंवा नवरात्राच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसांच्या गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यायला सांगावे.

इन्सुलिन देताना सिरिंज प्रत्यक्ष हातात घेऊन दाखवल्याशिवाय रुग्णाला जाऊ देऊ नये. आपल्याकडील बऱ्याच कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते; १०० युनिटच्या कुपीला नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर दहाऐवजी पंचवीस युनिट शरीरात जातात. ही चूक काउंटरवरच थांबवता येते. न उघडलेली कुपी फ्रिजच्या दारापेक्षा आतल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच असते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, प्लास्टिकच्या बंद डबीत घालून कुपी ठेवावी. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एवढ्याने बराच फरक पडतो. सुई रोज त्याच जागी टोचल्याने तेथे गाठ येते आणि औषध नीट शोषले जात नाही, म्हणून जागा बदलत राहावी.

रक्तदाबाच्या रुग्णाला काहीच दुखत नसते, आणि औषध सुटण्याचे खरे कारण तेच असते. आकडा उतरला तो गोळीमुळे उतरला आहे, आणि ती मनाने बंद केली तर तो पुन्हा चढेल, हे त्याला प्रत्येक भेटीत वेगळ्या शब्दांत सांगावे लागते. त्याचा कंटाळा करू नये. घरी यंत्र असेल तर मोजण्याची रीत करून दाखवावी: आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. मोजताना बोलू नये.

मीठ दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत, असावे. वरून घेतलेले मीठ बंद केले म्हणजे झाले असे अनेकांना वाटते. पापड, लोणचे, फरसाण आणि बेकरीच्या पदार्थांची आठवण आपण करून द्यावी. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागायला आलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला मी ते देत नाही, कारण या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. तो रागावून शेजारच्या दुकानात जाईल हे मान्य करूनही नकार द्यावा, आणि नकाराचे कारण मात्र नीट समजावून सांगावे.

डोस कमी-जास्त करणे किंवा औषध बदलणे हे आपले काम नाही. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज आली, रामिप्रिलने कोरडा खोकला लागला, मेटफॉर्मिनने पोट बिघडले, असे कळले की औषध बंद करायला न सांगता दोन ओळींची चिठ्ठी डॉक्टरांना लिहून द्यावी. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एक बाजू लुळी पडणे, किंवा अशा लक्षणांसोबत रक्तदाब १८०/१२० च्या वर असणे, यांत मात्र एक मिनिटही समुपदेशनात घालवू नये.

आषाढी वारीच्या आधी पेठांमधील दुकानांत एक वेगळेच काम येते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येण्याच्या पंधरा दिवस आधीच, पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या आपल्या रुग्णांना गाठावे. रोजच्या चालण्याने साखर उतरते, म्हणून डोसबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यायला सांगावे. पूर्ण महिन्याच्या गोळ्या सोबत द्याव्यात, इन्सुलिन ट्रकमधील सामानात उन्हात न टाकता ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीत जवळ बाळगायला सांगावे, अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामी पोहोचल्यावर सोबत्याकडून दोन्ही तळपाय तपासून घ्यावेत असे बजावावे. ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत द्यावी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, घरच्यांचा फोन नंबर मागे लिहून, पाऊस लागणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावी.