योजना चांगली, वाट अवघड: सरकारी सेवा आखताना या चुका टाळा

2007 साली केंद्राने राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केलं. त्यात मुख्य विचार होता उद्योगांचा: भारतीय माल जगात टिकावा कसा. सरकारी सेवा लोकांना कशा वापरता येतील, हा प्रश्न मागेच राहिला. आज अनुदानाचे हजारो कोटी थेट खात्यात जातात. तिथे आखणी चुकली की तरतूद असूनही पैसा अडकतो.

सगळ्यात महागात पडतं ते डिझायनरला शेवटी बोलावणं. जीआर निघाला, टेंडर झालं, सॉफ्टवेअर आलं आणि मग ‘जरा पान नीट दिसू द्या’. तोवर कागदपत्रं किती लागणार, खेटे कुणी घालायचे, हे ठरून गेलेलं असतं. पात्रतेच्या अटी लिहितानाच त्याला सोबत बसवा.

दुसरी चूक, अडलेल्या माणसाला कारणच न सांगणं. पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये 2000 च्या तीन हप्त्यांत येतात. हप्ता आला नाही की शेतकरी बँक गाठतो. ‘आधार लिंक आहे,’ असं उत्तर मिळतं आणि तेही खरं असतं. पण केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं, एनपीसीआय या बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे ते खातं आधारशी सीड होणं, म्हणजे आधारवरून येणाऱ्या रकमेसाठी नोंदलं जाणं, वेगळं. आधारवरून पाठवलेली रक्कम सगळ्यात अलीकडे सीड झालेल्या खात्यात जाते, मग ते खातं तुम्ही विसरूनही गेलेले असा. मायआधार या आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की बँकेचं नाव कळतं. हीच वाट ‘पेमेंट फेल’च्या संदेशात दाखवायला काय हरकत आहे?

नावांचंही तेच. सातबारावर एक, आधारवर दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना हे हमखास नडतं. अर्जात दोन्ही नावांना जागा ठेवा.

मंत्रालयात फॉर्म चालला म्हणजे झालं, असं समजू नका. आपल्या मतदान यंत्राचं डिझाइन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचं. चिन्हासमोरचं निळं बटण दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो, लांब बीप वाजते. अक्षरओळख नसलेला मतदारही कुणाला न विचारता मत देतो. अर्जांना हीच कसोटी लावा आणि ती तालुक्याच्या सेतू केंद्रात, रांगेतल्या माणसांसोबत लावा.

शेवटी, फक्त आलेले अर्ज मोजू नका. अर्धवट सुटलेले, परत भरावे लागलेले अर्जही मोजा. आणि फॉर्म भरून घ्यायला, झेरॉक्सला, एसटीला किती गेले, तेही विचारा. ती रक्कम त्या 2000 मधूनच वजा होते.