कॅन्ससच्या गवताळ माळावर निघण्यापूर्वी

आधी तारीख ठरवा. गाडी आणि हॉटेल मागाहून. फ्लिंट हिल्सला, म्हणजे कॅन्ससच्या पूर्व भागातल्या या गवताळ टेकड्यांना, जाऊन हिरमुसून परतणारे बहुतेक लोक जागा चुकलेले नसतात, महिना चुकलेले असतात. पुरुषभर उंच गवत पाहायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य धरा. तेव्हा ओहोळाकाठच्या खोल मातीत बिग ब्लूस्टेम हे इथलं मुख्य गवत सहा ते आठ फुटांवर जातं. टेकडीच्या माथ्यावर मात्र माती पातळ, म्हणून तिथे ते फार तर कमरेला लागतं. मे-जूनमध्ये रानफुलं भरपूर, पण गवत पोटरीच्या खालीच. मार्च-एप्रिलमध्ये गुराखी माळ मुद्दाम पेटवतात. तो वणवा नव्हे. आग लावली नाही तर झुडपं आणि सीडरची झाडं माजतात आणि चारा मरतो. त्या दिवसांत दम्याचा त्रास असलेल्यांनी जाऊ नये. धूर रस्त्यावर आला तर दिवे लावून वेग कमी करा, पण रस्त्यातच थांबू नका. मागच्या ट्रकला तुम्ही दिसणार नाही.

मग पश्चिमेला जाणाऱ्या दोन जुन्या गाडीवाटांपैकी कोणती बघायची ते ठरवा, कारण दोन्ही एका शनिवार-रविवारात बसत नाहीत. कुटुंबकबिला घेऊन पश्चिमेला निघालेल्यांची ऑरेगन ट्रेल राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातून जाते. मेरीसव्हिलजवळचा अल्कोव्ह स्प्रिंगचा झरा आणि हॅनोव्हरचं हॉलेनबर्ग पोनी एक्स्प्रेस (घोडेस्वार टपालाचं) ठाणं तिथे आहे. मे १८४६ मध्ये पुढे डोंगरातल्या बर्फात अडकून डॉनर पार्टी म्हणून ओळखला गेलेला तांडा बिग ब्लू नदी उतरण्याची वाट पाहत या झऱ्याशी अडकला होता. तेव्हा कोरलेली अक्षरं दगडावर आहेत. आपली भर घालू नये. सांता फे ट्रेल वेगळी. १८२१ पासून रेल्वे येईपर्यंत चाललेली ती मुख्यतः व्यापाऱ्यांची वाट, आणि ती राज्य पूर्व-पश्चिम ओलांडते. पहिल्या खेपेला हीच घ्या, कारण टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह, म्हणजे उंच गवताचा राखीव माळ, तिच्या जवळ आहे.

कॅन्सस सिटीकडून आय-३५ ने एम्पोरियापर्यंत टोल नाही. टोपेकावरून एम्पोरियाला उतरणारा टर्नपाइक टोलचा आहे आणि तिथे रोकड घेत नाहीत. भाड्याच्या गाडीवर ते बिल कंपनीच्या जादा आकारासह येऊ शकतं. एम्पोरियात टाकी भरा आणि खाणंही घ्या. पुढे यूएस-५० ने वीसेक मैलांवर स्ट्राँग सिटी, तिथून के-१७७ ने दोन मैल उत्तरेला प्रिझर्व्ह. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी, गूळपोळी असं टिकणारं सोबत ठेवा. लहान गावांत बिनमांसाचं म्हणजे बटाट्याचे तुकडे आणि चीज, आणि रविवारी दुपारनंतर तेही मिळेलच असं नाही.

गाडीत खरी स्टेपनी आहे का ते निघतानाच डिकी उघडून बघा. भाड्याच्या अनेक गाड्यांत आता फक्त पंक्चरचं रसायन आणि पंप असतो. फ्लिंट हिल्सच्या कच्च्या रस्त्यांवरची खडी गारगोटीची, धारदार. टायरची बाजू चिरली तर ते रसायन काही कामाचं नाही. ह्याच गारगोटीने हा माळ वाचवलाय: नांगर चालेना, म्हणून इथलं गवत राहिलं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मूळ उंच गवताच्या प्रदेशापैकी चार टक्क्यांहून कमी आज शिल्लक आहे. पाऊस झाला असेल तर कच्चा रस्ता सोडा. चिकणमातीत गाडी आडवी होते आणि ओढून काढायला येणारा माणूस तासाभराच्या अंतरावर असतो.

प्रिझर्व्हला प्रवेशशुल्क नाही आणि पायवाटा चोवीस तास खुल्या असतात. माहितीकेंद्राच्या वेळा मात्र ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी बघा. तंबू ठोकता येत नाही, मुक्काम एम्पोरिया किंवा काउन्सिल ग्रोव्हला. सीनिक ओव्हरलुक वाट एका बाजूने ३.२ मैल, म्हणजे जाऊन-येऊन दहा किलोमीटर. वाटेत पाणी नाही, सावली नाही. माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. गळ्याशी दोरी असलेली टोपी घ्या. नुसती टोपी वारा नेतो. छत्री घरी राहू द्या. लहान मुलं असतील तर पावणेदोन मैलांची साउथविंड वाट पुरे.

बायसनच्या (अमेरिकी रानगव्याच्या) कुरणातून सीनिक ओव्हरलुकची वाट जाते, म्हणून कुत्रं नेता येत नाही. जनावरापासून किमान १०० यार्ड. शेपूट उभी राहिली की मागे सरा. वाट अडवून कळप बसला असेल तर वळसा घ्या किंवा परत फिरा. एप्रिल-मेमध्ये वासरं असतात, जुलै-ऑगस्टमध्ये नर माजावर असतात, आणि टनभराचं ते धूड ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. फोटोसाठी झूम असलेला कॅमेरा न्या. कुंपणाचं दार बंद होतं तर मागे बंदच करा.

गवतात गोचिडी असतात, म्हणून कपड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. फिक्या रंगाची लांब विजार, ती मोज्यांत खोचलेली. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी कपड्यांवर फवारून वाळू द्या. ते कातडीवर लावायचं नाही, कातडीला डीट हे किडे दूर ठेवणारं औषध. इथल्या लोन स्टार जातीच्या गोचिडीच्या चाव्याने काहींना मांसाची अ‍ॅलर्जी होते, आणि त्यातल्या काहींना दूधही सोसत नाही, तेव्हा शाकाहाऱ्यांनीही हसू नये. चिगर हे बारीक किडे दिसत नाहीत, काही तासांनी कमरेच्या पट्ट्याखाली खाज सुटते तेव्हा कळतात. त्यावर नेलपॉलिश लावणं व्यर्थ, कारण किडा कातडीत शिरलेलाच नसतो. गवतात बसकण मारली नाही तर निम्मा त्रास टळतो.

एप्रिल ते जून वादळांचा काळ. वादळाचा इशारा मुख्यतः काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नावाने येतो. म्हणून आपण कोणत्या काउंटीत आहोत ते कागदावर लिहून ठेवा: प्रिझर्व्ह चेसमध्ये, काउन्सिल ग्रोव्ह मॉरिसमध्ये, लार्नेड पॉनीमध्ये, डॉज सिटी फोर्डमध्ये. टेकडीवर गडगडाट ऐकू आला की माथा सोडून गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. नकाशे आधीच उतरवून घ्या, रेंजचा भरवसा नाही.

काउन्सिल ग्रोव्हचं नाव १८२५ च्या कराराचं: ओसेज या इथल्या मूळ रहिवासी लोकांशी वाटेच्या हक्काची बोलणी इथल्या झाडीत झाली. नुसती व्यापाऱ्यांची बाजू बघून निघू नका. कॉ या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलांसाठी बांधलेलं १८५१ चं कॉ मिशन बघा, आणि गावाबाहेरच्या अलेगावाहो पार्कमध्ये कॉ नेशनने २०२४ साली लॉरेन्सहून परत आणून बसवलेला पवित्र लाल दगडही. १८७३ मध्ये कॉ लोकांना इथून हलवलं गेलं, हे ठाऊक असेल तर बाकीचं गाव निराळं दिसतं.

सांता फे ट्रेलवरच्या गाड्यांच्या चाकोऱ्या बघायला आणखी पश्चिमेला जावं लागतं. लार्नेडच्या सहा मैल पश्चिमेला फोर्ट लार्नेड हा लष्करी तळ, नऊ मूळ दगडी इमारतींसह. तिथल्या रेंजरला चाकोऱ्यांच्या वेगळ्या तुकड्याचा रस्ता विचारा. तासाभरावर डॉज सिटी, तिच्या नऊ मैल पश्चिमेला यूएस-५० लगत दुसरा तुकडा. भर दुपारी गेलात तर नुसतं सपाट रान दिसेल आणि चुकीच्या जागी आलो असं वाटेल. गाड्या चार-चार ओळींत चालत, त्यामुळे उरले आहेत ते दोन चाकांचे चरे नव्हेत, रुंद उथळ घळी. त्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. सूर्योदयानंतरचा किंवा मावळतीपूर्वीचा तास राखून ठेवा.

परतल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये मोठ्या उष्णतेवर दहा मिनिटं आणि मगच धुवायला. उलट केलं तर गोचीड पाण्यातून जिवंत निघते. बुटांचे तळ ब्रशने झाडा आणि बिया कचऱ्यात टाका, अंगणात नको. मुलांच्या कानामागे, काखेत आणि गुडघ्यामागे त्याच रात्री बघा.