चार तारा, चार गळे: क्लासिकल गिटारवर कॉर्डचा रियाज

गिटार शिकायला लागलं की महिन्याभरात पाच-सहा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पाठ होतात आणि गाडी तिथेच अडते. आकार बिनचूक जमतात, पण एकातून दुसऱ्यात जाताना पंजा उचलला जातो आणि आवाज तुटतो. माझं वर्षभर असंच चाललं होतं. बोटं मंद आहेत म्हणून मी त्यांनाच दोष देत होतो, आणि दर वेळी पंजा तारांवरून पूर्ण उचलून पुढची कॉर्ड नव्याने पकडत होतो. यातली बरीचशी उचलाउचल फुकटची असते. ती कशी टाळायची, ते एका छोट्या साखळीवर करून बघू.

साखळी अशी: सी, ए मायनर, डी मायनर, जी सेव्हन, पुन्हा सी. सहाही तारा छेडायच्या नाहीत. उजव्या हाताच्या अंगठ्याकडे खर्जाची तार (सगळ्यांत खालचा सूर देणारी; कॉर्डनुसार चौथी, पाचवी किंवा सहावी), तर्जनीकडे तिसरी, मधल्या बोटाकडे दुसरी आणि अनामिकेकडे पहिली, म्हणजे सगळ्यांत बारीक. एका वेळी चारच सूर.

आता डावा हात. सीसाठी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधलं घर), अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्यावर. तिसरी आणि पहिली मोकळी, म्हणजे न दाबता. ए मायनरला तर्जनी जागची हलत नाही. अनामिका उचला, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा, पाचवी मोकळी वाजवा. डी मायनरला मधलं बोट तिथेच राहतं. तर्जनी पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर जाते, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर, आणि खर्जाला मोकळी चौथी तार. जी सेव्हनला तर्जनी पुन्हा जागच्या जागी. मधलं बोट उचलून अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. शेवटी सीवर परतताना तर्जनी आणि अनामिका आपापल्या फ्रेटवरच शेजारच्या तारेवर येतात. म्हणजे पहिल्या तिन्ही बदलांत एक बोट मुळीच उठत नाही. ते उठलं की थांबा आणि तो बदल पुन्हा करा.

हे हातात बसण्याआधी गळ्यात बसवा. पांढरी एकचा सा धरा, कारण सी म्हणजे तोच. मग प्रत्येक तार वेगळी गा:

पहिली तार: ग ग म म ग
दुसरी तार: सा सा रे नि सा
तिसरी तार: प ध ध प प
खर्ज: सा ध रे प सा

वरच्या तिन्ही तारा फार तर सुरा-दोन सुरांनी हलतात. लांब उड्या घेतो तो खर्ज. शेवटच्या बदलाशी थोडं रेंगाळा. जी सेव्हनमधला म खाली ग वर उतरतो आणि नि वर सा वर चढतो. घरी पोचल्यासारखं वाटतं ते या दोन पावलांमुळे. गंमत म्हणजे गिटारवर ही दोन्ही पावलं एकटी तर्जनी टाकते: पहिल्या तारेवरून उठली की मोकळा ग वाजतो, आणि दुसऱ्या तारेवर टेकली की सा. हा एकच बदल वीसदा वाजवा, कंटाळा येणार नाही.

यानंतर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवा, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. चारही सूर एकदम छेडा, पण एकच तार ठळक ऐकू येऊ द्या. एका फेरीत पहिली, पुढच्या फेरीत दुसरी. मधली तार ठळक काढणं दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, कानाला उलगडायला लागते ती इथेच, म्हणून घाई करू नका.

मग सूर सुटे करा: अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. गिटारवादक आणि रचनाकार माउरो जुलियानीने १८१२ मध्ये व्हिएन्नात छापलेल्या ओपस १ (रचना क्रमांक १) मध्ये उजव्या हाताचे १२० व्यायाम आहेत, आणि ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर. डाव्या हाताला काम कमी, म्हणून सगळं लक्ष उजव्याकडे. रोज त्यातले दोन-तीन पुरेत.

गिटारची मान, म्हणजे फ्रेट असलेला दांडा, ओळखीची करायची असेल तर पहिली आणि तिसरी तार जोडीने वाजवत वर चढा. पहिल्या तारेचे फ्रेट: मोकळी, १, ३, ५, ७, ८. तिसरीचे: मोकळी, २, ४, ५, ७, ९. दोन्ही बोटं एक तर एकाच फ्रेटवर असतात, नाही तर एका फ्रेटच्या अंतराने. ही सहाव्या स्वराची जोडी आहे, म्हणजे खालच्या सुराला एक धरून मोजलं तर वरचा सहावा येतो. गिटारवादक फर्नांदो सोरने आपल्या १८३० च्या गिटार शिकवणाऱ्या पुस्तकात अशा तिसऱ्या आणि सहाव्या स्वराच्या जोड्यांना भरपूर जागा दिली आहे.

बारे कॉर्डची (एकाच बोटाने अनेक तारा दाबायच्या कॉर्डची) धास्ती सध्या बाजूला ठेवा. त्याआधी एक खोड मोडायची आहे. ए मायनरवरून डी मायनरला जाताना मोकळी पाचवी तार मागे घुमत राहते. आपण रे वाजवलेला असतो, पण खाली ध चालूच. म्हणून चौथी तार छेडली की लगेच अंगठ्याची कड पाचवीला टेकवा. वाजवताना हे बहुतेकदा कानावरून निसटतं. फोनवर रेकॉर्ड करा, डोळे मिटून ऐका आणि डी मायनरच्या दुसऱ्या ठोक्यावर खाली काय वाजतंय ते बघा.