सोन्याचं नाणं घेताय? आधी मोडीचा भाव विचारा

भाचीला पहिला बोनस मिळाला आणि तिचा फोन आला, "मामा, गुरुपुष्याला दहा ग्रॅमचं नाणं घेऊ का?" म्हटलं, घे की. पण पेढीवर गेल्यावर आजचा भाव विचारत बसू नकोस, तो भिंतीवर लावलेलाच असतो. विचारायचं ते हे: "हेच नाणं उद्या मोडायला आणलं तर किती द्याल?" सराफाच्या तोंडून हा आकडा निघेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही.

मी जळगावचा, उभी हयात एसटीच्या हिशेब खात्यात गेली. त्यामुळे तिला हिशेबच मांडून दिला. सोपं जावं म्हणून भाव दहा ग्रॅमला १,००,००० धरू. त्यावर मजुरी समजा दोन टक्के, म्हणजे २,०००. एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी, ३,०६०. बिल झालं १,०५,०६० रुपये. दुसऱ्या दिवशी तेच नाणं मोडलं आणि सराफाने एक टक्का तूट धरली, तर हातात ९९,०००. म्हणजे सहा हजार रुपये उंबऱ्यावरच सांडले. भाव तेवढा चढेपर्यंत तुमची गुंतवणूक तोट्यातच आहे. नाणं जितकं लहान, तितकी मजुरी टक्केवारीत जास्त. एक ग्रॅमचं नाणं बारशाला द्यायला ठीक, साठवायला नाही.

नाण्यावर वजन, शुद्धता (हजारात ९९९ किंवा ९९५ भाग सोनं) आणि रिफायनरीचं नाव ठसठशीत हवं. भारत सरकारने २०१५ साली 'इंडियन गोल्ड कॉईन' काढलं, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी. मिळालं तर बघा. मात्र बँकेतून घेताना एक ध्यानात ठेवा. २००८ च्या धनत्रयोदशीला मी एका बँकेतून पाच ग्रॅमचं नाणं घेतलं होतं. चार वर्षांनी मुलीच्या फीसाठी मोडायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आम्ही फक्त विकतो, परत घेत नाही." रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, पण घेताना कुणी बोललं नव्हतं. शेवटी सराफाने नाण्याचं ते सुंदर पाकीट कात्रीने कापलं, टंच काढला, म्हणजे शुद्धता तपासली, आणि मोडीचा भाव लावला. पाकिटाचे म्हणून जे जास्तीचे पैसे मोजले होते, ते पाकिटाबरोबर केराच्या टोपलीत गेले.

निव्वळ सोनंच साठवायचं असेल तर आपल्याकडचं साधं वेढणं, म्हणजे बिननक्षीचं सोन्याचं वळं, काही वाईट नाही. मजुरी कमी, आणि ज्या पेढीचं आहे तिथे बिल दाखवलं की फारशी घासाघीस होत नाही.

हौस असेल तर मात्र गिनी. इथे मी जरा रेंगाळतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय. इंग्रजांचा सॉव्हरिन, त्यालाच आपण गिनी म्हणतो. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट, व्यास २२ मिलिमीटर. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीनेही त्या पाडल्या, फक्त त्याच एका वर्षी, तेरा लाखांच्या आसपास. घोडेस्वार ड्रॅगनला मारतोय त्या बाजूला, घोड्याच्या पायाखालची जमीन आणि तिच्याखाली लिहिलेलं साल यांच्या आसपास भिंगातून बघा. बारीकसा इंग्रजी 'आय' दिसला की ती मुंबईची.

मग कड बघा, राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. आपल्या आज्यांनी गिन्यांना कड्या लावून गळ्यात घातल्या. कडी काढली तरी डाकाचा (सांध्याच्या धातूचा) वेगळा रंग आणि घासल्याची खूण राहते. अशी गिनी सोन्याच्या भावात घ्यावी, दुर्मिळतेचा एक रुपयाही वर देऊ नये. आणि घरी आणल्यावर रिठ्याने, टूथपेस्टने चकचकीत करू नका. संग्राहकाच्या दृष्टीने ती गिनी मेली.

खोटेपणा घरी ताडायला पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. आधी गिनी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेली गिनी पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू न देता. काटा ०.४५ च्या आसपास दाखवेल. ७.९८ भागिले ०.४५, म्हणजे साधारण १७.७. बावीस कॅरेटची घनता तिथेच येते. पितळ असेल तर आकडा नऊच्याही खाली घसरतो. तेवढ्याने गिनी अस्सल ठरत नाही, खऱ्या सोन्यात पाडलेल्या नकलाही बाजारात आहेत. पण निम्मी भीती जाते. शिवरायांचा होन 'स्वस्तात' दाखवणारा भेटला तर हा प्रयोगही करू नका, चहा पिऊन उठा.

कागदपत्रांचं थोडक्यात: पक्कं बिल घ्याच, दोन लाखांच्या वर गेलात तर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीत घेणं सराफालाही कायद्याने मना आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकलंत तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. शंभर वर्षं ओलांडलेलं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवता येत नाही. १९१८ ची गिनी त्यात आली.

भाचीने शेवटी पाच-पाच ग्रॅमची दोन नाणी घेतली. मजुरी थोडी जास्त गेली, पण अडचणीला एक मोडलं तरी दुसरं शाबूत राहील, असं तिचं म्हणणं. हे मात्र मी शिकवलेलं नव्हतं.