नकाशावरचा मार्ग अक्षरांत बांधायचा आणि परत सोडवायचा कसा

पुण्यातल्या बसचा मार्ग तुमच्या नकाशावर जपानच्या पूर्वेला, भर प्रशांत महासागरात उमटला, तर जीपीएसला दोष देऊ नका. सर्व्हरलाही देऊ नका. रेघ कुठे जाऊन पडली ते नीट बघा, कारण चूक काय झाली ते ती जागाच सांगते. गेली काही वर्षं मी वाहनांचे मार्ग दाखवणारी सॉफ्टवेअर लिहितो आहे आणि एन्कोडेड पॉलीलाइनशी, म्हणजे मार्गाचे सगळे बिंदू अक्षरांच्या एका स्ट्रिंगमध्ये बांधण्याच्या पद्धतीशी, रोजचा संबंध आहे. या विषयावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: लायब्ररी टाका, डीकोड करा, झालं. हा सल्ला अपुरा आहे, आणि त्यापायी लोकांचे दिवसच्या दिवस वाया जाताना मी पाहिले आहेत.

तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं आणि नकाशा पडद्यावर आणता येतो, हे मी धरून चाललो आहे.

१. लायब्ररी घ्या

जावास्क्रिप्टसाठी मॅपबॉक्सची पॉलीलाइन, पायथनसाठी पॉलीलाइन याच नावाचं पॅकेज, अँड्रॉइडसाठी गूगलच्या मॅप्स युटिलिटीजमधलं पॉलियुटिल. तिन्ही ठीक आहेत. इंटरनेटवरून वीस ओळींचं फंक्शन उचलून आणू नका.

२. एकदा हातानं करून पाहा

ही पायरी लोक टाळतात. टाळू नका. कागद-पेन्सिल घेतली तर दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पुण्याचा एक बिंदू घ्या: अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. अक्षांशाला एक लाखानं गुणा, १८,५२,००० आले. दुप्पट करा, ३७,०४,०००. (संख्या ऋण असेल तर दुप्पट करून चिन्ह काढायचं आणि एक वजा करायचा, म्हणजे उणे १५ चे होतात २९.) आता ३२ नं भागत जा आणि बाकी लिहीत जा: ०, ६, १, १७, ३. शेवटची बाकी सोडून उरलेल्या सगळ्यांत ३२ मिळवा. ‘अजून आहे, पुढे वाचा’ ही त्या ३२ ची खूण. मग सगळ्यांतच ६३ मिळवा. हाती येतात ९५, १०१, ९६, ११२, ६६. हे पाच आस्की कोड म्हणजे पाच अक्षरं. रेखांशाचंही असंच: ९५, १२०, १२०, ९७, ७७.

पुढच्या बिंदूपासून पूर्ण आकडा लिहायचा नाही, आधीच्या बिंदूपासूनचा फरक तेवढा लिहायचा. शे-दीडशे मीटरवरच्या बिंदूला त्यामुळे अक्षांश-रेखांश मिळून जास्तीत जास्त चार अक्षरं पुरतात. अख्खा मार्ग छोट्याशा स्ट्रिंगमध्ये मावतो तो याच जोरावर. मात्र आधी पूर्णांकात आणायचं आणि मग वजाबाकी करायची, हा क्रम सोडू नका. दशांशांची वजाबाकी करून नंतर पूर्णांक केले तर प्रत्येक बिंदूला थोडी चूक साठत जाते आणि लांबच्या मार्गाचं शेपूट रस्त्यावरून घसरतं. उचललेल्या फंक्शनांत ही चूक असू शकते, म्हणूनच वर नको म्हटलं.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळे कोड ६३ ते १२६ याच पट्ट्यात पडतात. आणि ९५ च्या खालचं प्रत्येक अक्षर म्हणजे एका संख्येचा शेवट. पुढे यांची गरज पडणार आहे.

३. प्रिसिजन आणि क्रम विचारून घ्या

स्ट्रिंग पाच दशांश स्थळांची आहे की सहा, म्हणजे तिचं प्रिसिजन किती, हे स्ट्रिंगमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. गूगलच्या मूळ पद्धतीत पाच स्थळं, म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटरची बारकाई. व्हालहाला हे मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर मात्र सहा देतं. ओएसआरएम हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर पाच देतं, पण मागितली तर सहाही देतं. पाचाची स्ट्रिंग सहा समजून सोडवली की पुणे १.८५, ७.३९ वर जातं. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, प्रिन्सिपे बेटाच्या जरा उत्तरेला. उलट केलं तर अक्षांश १८५ येतो. तसा अक्षांश पृथ्वीवर नाही, त्यामुळे रेघ नकाशाबाहेर जाते.

क्रमाचंही तेच. पॉलीलाइनमध्ये आधी अक्षांश, जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती जेसनमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) आधी रेखांश. अदलाबदल झाली की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेच्या समुद्रात पोचतं. मॅपबॉक्सच्या लायब्ररीत जिओजेसनसाठी वेगळी फंक्शनं आहेत, पायथनच्या पॅकेजात तसा पर्याय आहे. ती वापरा, जोड्या हातानं उलटवत बसू नका.

आणि तो प्रशांत महासागर? दोन पॉलीलाइन स्ट्रिंग नुसत्या एकमेकींना चिकटवल्या की असं होतं. दुसरीचा पहिला बिंदू पूर्ण आकड्यात असतो, पण डीकोडर त्याला फरक समजून आधीच्या बिंदूत मिळवतो. १८.५२ चे ३७.०४ होतात, ७३.८६ चे १४७.७२. मार्गाचे तुकडे जोडायचे असतील तर प्रत्येक तुकडा वेगळा सोडवा, बिंदू जोडा, सांध्यावर दोनदा आलेला बिंदू एकदाच ठेवा आणि हवं तर पुन्हा बांधा.

प्रिसिजन सात करायचा मोह झाला तर जावास्क्रिप्टमध्ये करू नका. तिथली बिटांची आकडेमोड ३२ बिटांत चालते आणि साधारण १०७ रेखांशाच्या पुढे आकडा फुटतो. भारतात चाचण्या पास होतील, जपानमध्ये बिघडेल.

४. बॅकस्लॅश

इथे मी स्वतः अडकलो होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

स्वारगेटहून कात्रजला जाणारा शाळेच्या बसचा मार्ग होता. सातारा रस्त्यानं सरळ दक्षिणेला. नकाशावर रेघ स्वारगेटपासून थोडी दक्षिणेला नीट गेली आणि मग एकदम काटकोनात पश्चिमेला वळली. पर्वती टेकडीवर चढली, मुठा नदी ओलांडली आणि कर्वेनगरच्या आसपास संपली. वळणं मात्र ओळखीची वाटत होती. सातारा रस्त्यावर जिथे रेघ जरा डावीकडे झुकायला हवी, तिथे ती उजवीकडे झुकत होती. आरशात पाहावं तसा रस्ता. आधी मी जीपीएसवर संशय घेतला, मग लायब्ररीवर, मग नकाशाच्या टाइल्सवर. तीन दिवस गेले.

कारण एका अक्षरात होतं. बॅकस्लॅशचा आस्की कोड ९२. तो ६३ ते १२६ च्या पट्ट्यात येतो, म्हणून पॉलीलाइनमध्ये तो अगदी कायदेशीर अक्षर आहे. पण जेसनमध्ये बॅकस्लॅश लिहायचा तर दोनदा लिहावा लागतो. मी ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमधून सर्व्हरच्या उत्तराचा कच्चा मजकूर कॉपी केला होता आणि चाचणीसाठी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला होता. फाइलमध्ये एकाचे दोन बॅकस्लॅश राहिले.

त्यानं काय झालं ते बघा. ९२ हा ९५ च्या खाली, म्हणजे संख्येचा शेवट. पहिल्या बॅकस्लॅशनं चालू संख्या संपवली. दुसरा बॅकस्लॅश एकटाच एक नवी संख्या बनला: २९, म्हणजे उणे १५, जमिनीवर जेमतेम सोळा-सतरा मीटर. एवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण एक संख्या वाढली, आणि तिथून पुढे प्रत्येक अक्षांश रेखांशाच्या जागी बसला, प्रत्येक रेखांश अक्षांशाच्या. दक्षिणेला जायचं ते पश्चिमेला गेलं. पुढे आणखी एक दुहेरी बॅकस्लॅश आला असता तर जोड्या पुन्हा जुळल्या असत्या आणि रेघ भलत्या ठिकाणाहून, पण योग्य दिशेला चालली असती. तसं झालं असतं तर शोध आणखी अवघड झाला असता.

उलटा अपघातही तितकाच होतो. खरी स्ट्रिंग उचलून प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत चिकटवली की जावास्क्रिप्ट अनोळखी अक्षरामागचा बॅकस्लॅश गुपचूप गिळतं. पायथन तो ठेवतं आणि इशारा देतं. आणि बॅकस्लॅशच्या पुढे स्मॉल लिपीतला एन किंवा टी आला, तर दोन्ही भाषांत दोन अक्षरांचं एक होतं: नवी ओळ किंवा टॅब.

‘रॉ स्ट्रिंग वापरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. पायथनची रॉ स्ट्रिंग एकट्या बॅकस्लॅशवर संपू शकत नाही, आणि पॉलीलाइन बॅकस्लॅशवर खुशाल संपते. जावास्क्रिप्टच्या रॉ स्ट्रिंगला बॅकटिक लागतं, आणि बॅकटिकचा कोड ९६. वर पुण्याच्या पहिल्या पाच कोडांत तिसरा कोणता होता ते बघा. टर्मिनलवर दुहेरी अवतरणात ठेवलेलं बॅकटिक तर शेल आज्ञा समजून चालवायला जातं. चॅट अ‍ॅपमधून स्ट्रिंग पाठवली की अंडरस्कोर आणि टिल्डे अक्षरं तिरपी करण्यात किंवा खोडण्यात खर्ची पडू शकतात.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद करत नाही: पॉलीलाइन हातानं हलवायची नाही. सर्व्हरचं उत्तर अख्खं जेसन म्हणून फाइलमध्ये ठेवा आणि जेसन पार्सरनंच वाचा. डेटाबेसमध्ये पॅरामीटर लावूनच घाला, क्वेरीच्या मजकुरात जोडू नका, आणि स्तंभ लांबीची मर्यादा नसलेल्या टेक्स्ट प्रकारचा ठेवा. यूआरएलमध्ये घालायची तर आधी पर्सेंट-एन्कोड करा, कारण या पट्ट्यात प्रश्नचिन्ह आहे, उभी रेघ आहे, महिरपी कंस आहेत. सहकाऱ्याला पाठवायची तर फाइल जोडा.

हे सगळं नको असेल आणि दोन्ही टोकं तुमच्याच ताब्यात असतील, तर हिअर कंपनीची फ्लेक्सिबल पॉलीलाइन बघा. तिच्यात यूआरएलला चालणारी अक्षरंच वापरतात आणि प्रिसिजन स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. नव्या कामात मी तीच घेतो. पण बाहेरच्या सेवांकडून येणारा माल बहुतेक जुन्याच पद्धतीचा असतो, त्यामुळे जुनी पद्धत यायलाच हवी.

५. सोडवण्याआधी तपासा

दोन तपासण्या, चार ओळींचा कोड. एक, प्रत्येक अक्षराचा कोड ६३ ते १२६ मध्ये आहे ना. नवी ओळ किंवा टॅब शिरला असेल तर इथेच सापडतो. दोन, ९५ च्या खालची अक्षरं मोजा. संख्या सम हवी, आणि तिची निम्मी म्हणजे बिंदूंची संख्या. माझ्या कात्रजच्या स्ट्रिंगमध्ये ती विषम आली असती आणि तीन दिवस वाचले असते. विषम स्ट्रिंग मिळाली की सगळ्याच लायब्ररी तक्रार करतात असं नाही. काही शेवटी एक खोटा बिंदू घालून गप्प बसतात.

दोन दुहेरी बॅकस्लॅश मात्र या मोजणीतून सुटतात. त्यासाठी सोडवल्यावर तिसरी तपासणी ठेवा: मार्गाचा पहिला आणि शेवटचा बिंदू तुम्ही मागितलेल्या ठिकाणांजवळ आहेत का.

६. चाचणी लिहा

‘बांधा, सोडवा, तेच आलं म्हणजे बरोबर’ ही चाचणी पुरेशी धरू नका. प्रिसिजन किंवा क्रम दोन्ही बाजूंना सारखाच चुकला तरी ती पास होते. बाहेरचं, ठरलेलं उदाहरण हवं. गूगलच्या दस्तऐवजात तीन बिंदूंचं एक आहे: ३८.५, उणे १२०.२, मग ४०.७, उणे १२०.९५, मग ४३.२५२, उणे १२६.४५३. त्याची स्ट्रिंग २७ अक्षरांची होते. बहुतेक लायब्ररींच्या चाचण्यांत हेच उदाहरण असतं आणि ते चांगलं आहे, पण त्यात एकही बॅकस्लॅश नाही. मी त्याच उदाहरणावर विसंबलो होतो.

म्हणून शेजारी हेही ठेवा. पहिला बिंदू वरचाच, १८.५२, ७३.८६. दुसरा १८.५१९८५, ७३.८६. अक्षांशातला फरक उणे १५, रेखांशातला शून्य. पाच दशांश स्थळांत स्ट्रिंग बारा अक्षरांची यायला हवी, आणि तिचे कोड असे: ९५, १०१, ९६, ११२, ६६, ९५, १२०, १२०, ९७, ७७, ९२, ६३. शेवटून दुसरा बॅकस्लॅश, शेवटचं प्रश्नचिन्ह. चाचणीत ही स्ट्रिंग टाइप करू नका. या बारा कोडांपासून तयार करा, जेसनमध्ये लिहा, डेटाबेसमध्ये घाला, परत काढा, यूआरएलमधून पाठवा, आणि दुसऱ्या टोकाला बारा कोड जसेच्या तसे येतात का ते बघा.