प्रोस्टेट काढल्यावर घरी: या चुका टाळा

मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा इंदूरच्या रामबागेत भेटायला आलेले पहिलेच पाहुणे म्हणाले, ‘‘अहो, आमच्या व्याह्यांचंही प्रोस्टेटच होतं. आठवड्यात दुकानात बसले!’’ मी मांडीजवळची लघवीची पिशवी लुंगीत लपवली, मान डोलावली आणि मनातून खचलो.

व्याह्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, आतून तासण्याचं होतं, साध्या वाढीसाठी करतात ते. त्यात लघवीची नळी दोन-तीन दिवसांत निघते. माझं कॅन्सरमुळे अख्खं प्रोस्टेट काढलं होतं. तो भागच गेला की मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांची टोकं एकमेकांना शिवतात आणि ती शिवण भरेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, नळी आत राहते. नाव एक असलं तरी ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. पाहुण्यांना चहा द्यावा, तुलना त्यांच्याबरोबर परत पाठवावी.

नळी अडली की कंपाउंडरला बोलावणं

घरातली दुसरीच रात्र. पिशवीत दोन तासांत थेंब नाही, ओटीपोटात कळा. भाचा म्हणाला, ‘‘मामा, गल्लीतल्या कंपाउंडरला उठवतो, बदलून देईल नळी.’’ बायकोनं त्याला थांबवलं आणि आधी माझं पांघरूण काढलं. नळी माझ्याच मांडीखाली दबून दुमडली होती. सरळ करताच धार लागली.

म्हणून आधी नळी पाहा. मग पिशवी कमरेच्या खाली लटकते आहे का आणि काठोकाठ भरली आहे का, ते बघा. पिशवी गादीवर शेजारी ठेवून झोपू नका. एवढं करूनही लघवी येत नसेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच फोन करा. नळी निसटून बाहेर आली तरी तेच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अंदाजानं नवी घालून घेतली तर ताजी शिवण फाटू शकते.

शौचाच्या वेळी लघवी गुलाबी होणं, नळीच्या कडेनं थोडं झिरपणं, हे चालायचंच. पण लघवी लालभडक झाली, रक्ताच्या गाठी आल्या, ताप 101 च्या वर गेला, एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

पोहे, पाणी आणि जोर

इंदुरी माणसाला सकाळी शेव आणि जीरावण घातलेल्या पोह्यांशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. मला पोह्यांनी नाही, कुंथण्यानं त्रास दिला. दुखणं थांबवायच्या काही गोळ्यांनी पोट बांधून जातं आणि गुदाशय त्या नव्या शिवणीला अगदी लागून असतो. जोर करू नका, आणि कोणी कितीही प्रेमानं सांगितलं तरी एनिमा घेऊ नका. पोट साफ राहण्याचं औषध डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

नळी निघाल्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. लघवी गळू नये म्हणून पाणी कमी केलं. लघवी दाट झाली, आग होऊ लागली, घाई वाढली. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसभरात दोनेक लिटर पाणी प्यावं. कमी करायचंच तर चहा करावा आणि रात्री झोपण्याआधीचा पेला सोडावा.

व्यायाम चुकीच्या स्नायूंचा

कीगल, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूचे व्यायाम, मी महिनाभर केले, पण पोट आवळून, श्वास धरून. म्हणजे केलेच नाहीत. चारचौघांत वायू अडवताना जो स्नायू आत-वर ओढला जातो, तो हवा. पोट, मांड्या, कुल्ले सैल आणि श्वास चालू. 5 सेकंद आवळा, 5 सेकंद सोडा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. नळी आत असताना मात्र अजिबात नाही. जास्त केलं तर स्नायू दमतो आणि संध्याकाळी उलट जास्त गळतं. खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी एकदा आवळायची सवय लागली, तेव्हा मला खरा फरक दिसला. बहुतेकांचं गळणं तीन महिन्यांपासून वर्षभरात आटोक्यात येतं.

सहा आठवडे पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. भरलेली बादली 15 किलोंची असते, नातू त्याहून थोडा कमी. दोघांनाही हात लावू नका. स्कूटर आणि सायकलही तोवर बंद, कारण सीटचा दाब नेमका तिथेच येतो. चालणं मात्र सोडू नका, पायात रक्त गोठू नये म्हणून ते लागतंच. मी आधी घरात, मग अंगणात, मग चिमणबागेपर्यंत गेलो. पहिल्या दिवशी परत येताना पँट ओली. नंतर कायम गडद रंगाची पँट घातली आणि खिशात जास्तीचा पॅड ठेवला.

लाज

आमच्या शहरात कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. माझे पॅड मी आठवडाभर वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून कपाटावर साठवले. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की समोरच्या वहिनी दारात असायच्या, आणि मी आत. शेवटी वासानं बायकोला कळलं. तिनं पिशवी माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, ‘‘जा. सुनेचे पॅड जातात त्याच कप्प्यात टाका.’’ गेलो. गाडीवरच्या मुलानं बघितलंसुद्धा नाही.

याच लाजेपायी पुरुष दुसरा प्रश्नही विचारत नाहीत. वीर्य यापुढे येणार नाही, ते कायमचं. तृप्तीची जाणीव तरीही येऊ शकते. ताठरता परतायला दीड-दोन वर्षंही लागतात आणि तिथले मज्जातंतू किती वाचवता आले त्यावर बरंच ठरतं. गोळ्या आहेत, पंप आहे. पण मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळी आणू नका. छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारताना बायकोला बरोबर न्या. माझ्याकडून तो प्रश्न शेवटी तिनंच विचारला.

‘गाठच गेली, आता कसली तपासणी’ असं म्हणून पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी, टाळणारेही पाहिले. प्रोस्टेट नसताना तो आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा, 0.1 च्या खाली. ऑपरेशननंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांत पहिली तपासणी होते आणि मग ठरलेल्या अंतरानं वर्षानुवर्षं. घाईनं दुसऱ्याच आठवड्यात केली तर जुन्या पीएसएचा अंश रक्तात सापडतो आणि रात्रीची झोप उडते. माझी उडाली होती.