सह्याद्रीवरची वीज टिपताना
विजांचे फोटो मिळतात ते वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, आणि पुन्हा ऑक्टोबरात. ऐन पावसाळ्यात डोंगर ढगात बुडालेले असतात. दुपारनंतर ढग चढू लागले की पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप बघत राहा.

गडमाथा किंवा कडा नकोच. डोंगररांग लांबून दिसेल अशी, पक्क्या घराला लागून असलेली जागा निवडा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ३ने भागा. साधारण तेवढे किलोमीटर ती दूर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की ट्रायपॉड तिथेच सोडून आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

अंधारात मॅन्युअल मोड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १५ सेकंद उघडं. फोकस दूरच्या गावातल्या दिव्यावर, स्क्रीनवर तो मोठा करून, हाताने लावा. ऑटोफोकस काळोखात चाचपडतो आणि नेमकी वीज निसटते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको असलेले ठिपके काढणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकेच सेकंद अडकतो. कंटिन्युअस मोडवर रिमोटचं बटण लॉक करा, म्हणजे फोटो एकामागून एक निघत राहतील.

वीज पांढरीफटक आली तर छिद्र लहान, एफ/११ करा. शटरची वेळ घटवून तिची चमक कमी होत नाही, नुसतं आकाश काळं पडतं.